डबे विकणाऱ्याची साक्ष

सियालकोट हे पाकिस्तानी पंजाबातलं कारागिरांचं शहर. जगभरच्या मैदानांवर खेळले जाणारे फुटबॉल इथे शिवले जातात, आणि ऑपरेशन थिएटरमधल्या कात्र्या-चिमटेही इथेच घडतात. या शहरात १९९४ च्या डिसेंबरात सय्यद आमिर रझा नेस्ले कंपनीच्या नोकरीत रुजू झाले. हुद्दा ‘मेडिकल डेलिगेट’, म्हणजे आपल्याकडे ज्याला एमआर म्हणतात तो. दवाखान्यांच्या पायऱ्या चढायच्या, डॉक्टर मोकळे होईपर्यंत पेशंटांच्या बाकावर थांबायचं, मिळालेल्या दोन मिनिटांत आपल्या मालाचं नाव त्यांच्या डोक्यात बसवायचं. बहुतेक एमआरच्या बॅगेत औषधं असतात. रझांकडे तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर होती.

बड्या परदेशी कंपनीची नोकरी म्हणजे पगार वेळेवर आणि नात्यागोत्यात मान. ती कोणी सहजी सोडत नाही. रझांनी ती १९९७ साली सोडली, आणि सोडताना कामाचे कागद जपून ठेवले. त्या कागदांवर आणि त्यांच्या जबानीवर ‘द नेटवर्क’ या पाकिस्तानी संस्थेने १९९९ साली ‘मिल्किंग प्रॉफिट्स’ नावाचा अहवाल काढला. डॉक्टरांनी बाळंतिणींना आपल्या कंपनीचा डबा लिहून द्यावा म्हणून त्यांना भेटवस्तू द्यायच्या, त्यांच्या खर्चाची सोय बघायची, दवाखान्यात नमुने पोचवायचे, हे आपल्या रोजच्या कामाचाच भाग होतं, असं रझांचं म्हणणं. कंपनीने हे आरोप फेटाळले. पण या एका विक्रेत्याच्या हकिकतीमुळे एक गोष्ट झाली. बाळांच्या दुधाच्या अशा विक्रीवरून नेस्लेवर पुकारलेला बहिष्कार तोवर बाहेरच्यांनी गोळा केलेल्या पुराव्यावर उभा होता. आता त्याच्या बाजूने आतला माणूस बोलत होता.

बहिष्काराबद्दल बोलताना आपण गिऱ्हाइकाबद्दल बोलतो. कोणी कोणती कॉफी घेणं बंद केलं, कोणत्या कॉलेजच्या कॅन्टीनमधून कोणतं चॉकलेट हद्दपार झालं, वगैरे. ते महत्त्वाचं आहेच. पण या बहिष्काराचा पन्नासेक वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर त्याचा कणा वेगळाच दिसतो. वॉर्डात राबणाऱ्या डॉक्टर, पांढरा गणवेश चढवून घरोघर फिरलेल्या बायका, बातमीदार, सरकारी अधिकारी आणि एक विक्रेता, अशा माणसांनी आपल्या कामात जे पाहिलं ते सांगितलं. गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला तो त्यानंतर.

कामात त्यांनी पाहिलं काय, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण एरवी प्रश्न पडतो की डब्यातलं दूध विकण्यात एवढं पाप ते काय?

बाळ जितकं ओढेल तितकं आईला दूध उतरतं. निसर्गाचा हिशेब इतका साधा आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो तो चीक, दाट आणि पिवळसर. तो चमचाभरच असतो, पण त्या दिवसांत बाळाचं पोटही तेवढंच असतं. नेमक्या याच दिवसांत बाळंतीण घाबरलेली असते. बाळ रडतं, भोवतीच्या बायका म्हणतात, हिला दूध पुरत नाही. अशा वेळी दवाखान्यातून फुकटचा डबा हातात पडला की घराला हायसं वाटतं. बाळाला बाटली लागते, ते छातीशी कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी येतं, आणि फुकटचा डबा संपेपर्यंत आईचा पान्हा आटत आलेला असतो. आता दुसरा डबा विकतच घ्यावा लागतो.

विकतचा डबा पुरवून पुरवून वापरला जातो. लेबलवर लिहिलेलं असतं की इतक्या पाण्याला इतके चमचे, सपाट भरलेले. रोजंदारीवरच्या घरात चमच्यांची संख्या हळूहळू घटते आणि पाणी तेवढंच राहतं. बाटली पांढरी दिसते, बाळाचं पोटही फुगतं, पण अंगी काही लागत नाही. त्यात पाणी विहिरीचं किंवा टँकरचं. प्रत्येक वेळी ते उकळायचं तर सरपण हवं, रॉकेल हवं. बाटलीच्या रबरी बोंडात दुधाची साय धरते आणि तिथे जंतू पोसले जातात. मग जुलाब, मग सलाईन, आणि सलाईन वेळेत मिळालं नाही तर पुढचं सांगायला नको. आईच्या दुधातून मिळणारं रोगांपासूनचं संरक्षणही या बाळाला नसतं. पावडर शुद्ध असू शकते, कारखाना स्वच्छ असू शकतो. तरीही असं बाळ दगावतं. म्हणून या लढ्यातल्या जाणत्या माणसांनी मालावर बंदी मागितलेली नाही. आई गेलेली असेल, किंवा तिच्या आजारपणामुळे अंगावर पाजणं शक्य नसेल, तर डबा लागतोच. त्यांचं भांडण विकण्याच्या रीतीशी आहे.

हे सगळ्यात आधी ज्यांनी खणखणीतपणे सांगितलं त्या डॉ. सिसिली विल्यम्स. जन्म जमैकातला, शिक्षण ऑक्सफर्डमध्ये. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, ब्रिटिश वसाहतीच्या नोकरीत असताना त्यांनी प्रथिनांच्या अभावाने सुजणाऱ्या मुलांचा आजार वैद्यकीय जगापुढे मांडला आणि त्याला तिथल्या बायका वापरत तेच नाव ठेवलं, क्वाशिओरकोर. पुढे बदली मलायात झाली. तिथे गोड घट्ट दूध बाळांचं अन्न म्हणून खपवलं जात होतं आणि त्यावर वाढलेली बाळं त्यांच्या वॉर्डात येत होती. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केलं. त्याचं शीर्षकच होतं ‘मिल्क अँड मर्डर’. व्यापाऱ्यांनी भरलेल्या सभागृहात बाळांच्या मृत्यूला खून म्हणायचं, तेही वसाहतीच्या सरकारची नोकरी करत असताना, याला धैर्य लागतं. तरी जगाने ते मनावर घ्यायला तीस-पस्तीस वर्षं लागली.

मधल्या काळात विक्रीची एक नवी तऱ्हा रूढ झाली. आफ्रिका, आशिया आणि कॅरिबियन बेटांवर दूध कंपन्यांनी बायका नेमल्या, त्यांना परिचारिकांसारखा पांढरा गणवेश दिला आणि बाळंतिणींकडे पाठवलं. त्यांना ‘मिल्क नर्स’ म्हणत. त्यांतल्या काही खऱ्याखुऱ्या प्रशिक्षित परिचारिका होत्या, सरकारी दवाखान्यातल्या तुटपुंज्या पगारापेक्षा कंपनीचा पगार बरा म्हणून आलेल्या. खाटेवरच्या बाईला समोरची बाई दवाखान्याची की दुकानाची, हे कळायचा मार्गच नव्हता. गणवेशावरचा विश्वास वापरून माल खपवायचा, हा या धंद्यातला सगळ्यात निंद्य भाग.

१९७४ साली माइक मुलर या पत्रकाराने ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेसाठी ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका लिहिली. स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या एका छोट्या गटाने ती जर्मनमध्ये आणली आणि नाव बदलून ठेवलं, ‘नेस्ले बाळांना मारते’. कंपनीने अब्रुनुकसानीचा खटला भरला. दोन वर्षं तो चालला. चार मुद्द्यांपैकी तीन कंपनीने शेवटी मागे घेतले आणि उरलेल्या एका मुद्द्यावर, म्हणजे शीर्षकावर, १३ कार्यकर्त्यांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड झाला. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण न्यायाधीशांनी कंपनीलाही आपल्या जाहिरातीच्या पद्धती मुळापासून तपासायला सांगितल्या. कंपनी खटला जिंकली आणि दोन वर्षं वर्तमानपत्रांत तिच्या विक्रीपद्धतीचीच चर्चा झाली.

अमेरिकेत हे लोण चर्चच्या आवारातून पसरलं. जर्मन दिग्दर्शक पीटर क्रीग यांचा ‘बॉटल बेबीज’ हा माहितीपट गावोगावच्या प्रार्थनामंदिरांत दाखवला गेला. कॅथलिक जोगिणींच्या एका संघाकडे ब्रिस्टल-मायर्स या दुसऱ्या दूध कंपनीचे शेअर होते. त्यांनी १९७६ साली भागधारक म्हणून तिला कोर्टात खेचलं. नेस्ले स्वित्झर्लंडची, तिचे शेअर असे हाताशी नव्हते. मग राहिला एकच उपाय. ४ जुलै १९७७ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मिनियापोलिसमध्ये ‘इन्फॅक्ट’ या संघटनेने बहिष्कार पुकारला. नेसकॅफे, टेस्टर्स चॉइस, क्रंच चॉकलेट, सगळंच त्यात आलं. बाळाच्या डब्यावर बहिष्कार टाकून उपयोग नव्हता, कारण तो विकत घेणारी बाई हजारो मैलांवर होती. म्हणून अमेरिकन गिऱ्हाइकाने स्वतःच्या स्वयंपाकघरातला माल निवडला. ही युक्ती फार विचाराची होती.

मे १९७८ मध्ये अमेरिकन सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी या विषयावर सुनावणी घेतली. त्यांनी मांडलेला मुद्दा आजही कोणाला खोडता आलेला नाही: ज्या मालाला स्वच्छ पाणी, पुरेसं उत्पन्न आणि सूचना वाचू शकणारे आईबाप लागतात, तो माल या तिन्ही गोष्टी नसलेल्या वस्तीत सुरक्षितपणे वापरला जाईलच कसा? नेस्लेच्या ब्राझील शाखेचे प्रमुख ओस्वाल्डो बालारिन यांनी उत्तरादाखल बहिष्कारालाच मुक्त अर्थव्यवस्थेवरचा हल्ला ठरवलं. केनेडींनी त्यांना तिथेच अडवलं. बहिष्काराला या साक्षीने जेवढी माणसं मिळवून दिली तेवढी कुठल्याही पत्रकाने मिळाली नसतील.

तीन वर्षांनी, मे १९८१ मध्ये, जिनिव्हात जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ मतं, विरोधात एक. ते एक मत अमेरिकेचं. त्याच्या निषेधार्थ अमेरिकेच्या परदेश-मदत खात्यातल्या स्टीफन जोसेफ आणि यूजीन बॅब या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. इथेही नोकरीतल्या माणसांनीच किंमत मोजली, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

या संहितेत कंपन्यांच्या नोकरवर्गासाठी एक स्वतंत्र कलम आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. विक्रेत्याचा बोनस या मालाच्या खपावर ठरवायचा नाही, त्याला या मालाचं टार्गेट द्यायचं नाही, असं ते सांगतं. विक्रेत्याने गरोदर बायका आणि आया यांच्याशी संपर्क साधू नये, हेही संहितेतच आहे. कलम लिहिणाऱ्यांना धंदा चांगला ठाऊक होता. महिनाअखेरीला आकडा भरायचा असेल तर एमआर काय वाटेल ते करतो, कारण त्याच्या घरचा किराणा त्या आकड्यावर असतो. विक्रेता वाईट असतो म्हणून नमुने वाटत नाही. आकड्याने बांधलेला असतो म्हणून वाटतो.

कंपनीने संहिता पाळण्याची ग्वाही दिल्यावर १९८४ साली बहिष्कार मागे घेण्यात आला. चार वर्षांनी, दवाखान्यांना फुकट पुरवठा चालूच असल्याचं सांगत कार्यकर्त्यांनी तो पुन्हा पुकारला. रझा सियालकोटमध्ये कामाला लागले तेव्हा ही संहिता १३ वर्षांची झाली होती. दवाखान्याच्या बाकावर बसणाऱ्या तरुण विक्रेत्यापर्यंत जिनिव्हातला कागद पोचतो कुठे?

त्यांच्यापर्यंत तो पोचवला एका डॉक्टरने. रझांनी सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, १९९७ साली एका डॉक्टरने त्यांना जुलाबाने मरायला टेकलेलं, डब्याच्या दुधावर वाढवलेलं बाळ दाखवलं आणि तुमच्या कामाची ही फळं आहेत, असं तोंडावर सांगितलं. बाळ वाचलं नाही. रझांनी राजीनामा दिला, कंपनीला नोटीस पाठवून ही विक्रीपद्धत थांबवायला सांगितलं. त्यानंतर आपल्याला धमक्या आल्या, असं ते सांगतात. कंपनीचा उलट आरोप असा, की त्यांना पैसे उकळायचे होते. रझांना तो मान्य नाही. अखेर त्यांनी देश सोडला. बायकोमुलांपासून सात वर्षं ते दूर राहिले आणि कॅनडात टॅक्सी चालवून पोट भरू लागले.

त्यांच्या जीवनावर बोस्नियन दिग्दर्शक डॅनिस टॅनोविच यांनी ‘टायगर्स’ हा चित्रपट केला. ऑस्करविजेता दिग्दर्शक, मुख्य भूमिकेत इमरान हाश्मी. २०१४ साली तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. कायदेशीर अडचणी नकोत म्हणून पडद्यावरच्या कंपनीला काल्पनिक नाव आहे. पैशांबद्दलचा तो वादही चित्रपटाने टाळलेला नाही, ही त्याची जमेची बाजू. घरबसल्या तो पाहायला मिळाला तो थेट २०१८ साली, झी फाइव्हवर. हाश्मींचे गाणी-प्रेमाचे सिनेमे थिएटरांत लागत राहिले आणि त्यांच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात गंभीर काम फारच थोड्यांनी पाहिलं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी जरूर पाहावं.

भारताची गोष्ट वेगळी घडली, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा. आपल्याकडे बहिष्कारापेक्षा कायद्याची वाट धरली गेली. अर्भकांच्या दुधाचे पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांच्यासंबंधीचा कायदा १९९२ साली झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. फुकट नमुने नाहीत, डॉक्टरांना भेटवस्तू नाहीत, आणि जिनिव्हाच्या संहितेतली ती नोकरवर्गाची गोष्टही त्यात आली: खपाच्या प्रमाणात नोकरांना मोबदला किंवा कमिशन देता येणार नाही. २००३ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या अशा मालाची जाहिरातच बंद झाली.

कायदा मोडला तर तक्रार करण्याचा अधिकार सरकारने काही स्वयंसेवी संस्थांना दिला. त्यांतली एक मुंबईची ‘अकॅश’. बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांचं नाव तिच्याशी जोडलेलं. या डॉक्टरांनी ओपीडी सांभाळून लेबलं वाचली. डब्यावरची सूचना कुठे छापली आहे, कोणत्या भाषेत आहे, केवढ्या अक्षरात आहे, हे बघायचं आणि कायद्याच्या कलमाशी ताडायचं. काम कंटाळवाणं, नाव मिळवून न देणारं. दूधबाटल्यांच्या विक्रीवरून जॉन्सन अँड जॉन्सनवर त्यांनी खटला गुदरला आणि पुढे त्या कंपनीने भारतातला बाटल्यांचा धंदाच गुंडाळला. नेस्लेच्या लेबलांबद्दलची त्यांची तक्रार दिल्लीच्या कोर्टात गेली. कंपनीने उलट कायद्यालाच आव्हान दिलं आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं.

२०१५ सालची नेस्लेच्याच मॅगी नूडल्सची गोष्ट मात्र सगळ्यांना आठवते. शिसं आणि एमएसजी यांवरून जूनमध्ये देशभर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या आणि कंपनीची बाजू ऐकून घेतली गेली नव्हती म्हणून. नोव्हेंबरात मॅगी दुकानात परत. तेवढे महिने घराघरांत तेच बोलणं होतं. दुधाच्या डब्यांबद्दल इतकी वर्षं चाललेल्या झगड्याची चर्चा त्याच्या शतांशानेही झाली नाही. नूडल्स खाणारं मूल तक्रार करू शकतं. बाटली पिणारं बाळ बोलत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडमधल्याच संस्थेने नेस्लेच्या सेरेलॅक या शिशुआहाराची तपासणी जाहीर केली. भारतात तपासलेल्या नमुन्यांत एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर होती. युरोपातल्या काही देशांत सहा महिन्यांच्या बाळांसाठीचा याच कंपनीचा आहार अशा साखरेशिवाय विकला जात होता. आपण स्थानिक नियम पाळतो आणि साखर कमी करत आणली आहे, असं कंपनीचं उत्तर. त्याच वर्षी तिने रिफाइन्ड साखर न घातलेले प्रकार भारतात आणले. म्हणजे करता येत होतं. कोणी प्रयोगशाळेत जाऊन मोजेपर्यंत केलं गेलं नव्हतं, एवढंच.

बाळ बाटलीवर गेलं की आयांना दोष देण्याची जी सवय आहे ती सोडायला हवी. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला आता २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावर ऊस तोडणारी, विटा वाहणारी, चार घरची भांडी घासणारी बाई बाळंतपणानंतर कामावर गेली नाही तर खाणार काय? तिचं बाळ बाटलीवर जातं ते तिच्या हौसेने नव्हे. ‘द लॅन्सेट’ने २०१६ साली मांडलेला अंदाज असा, की स्तनपानाचं प्रमाण जगभर पुरेसं वाढलं तर वर्षाला ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील. त्यासाठी बहिष्काराच्या जोडीला रजाही लागेल, पाळणाघरंही लागतील.

नेसकॅफे प्यावी की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. १९८८ चा बहिष्कार आजही चालू आहे आणि त्यात सामील होण्यात गैर काहीच नाही. पण त्याहून नेमकं काम दवाखान्यात करता येतं. घरात बाळंतपण असेल आणि न मागता कोणी पावडरचा डबा हातात ठेवला, तर कारण विचारा आणि ते कागदावर लिहून मागा. डब्याचा, पावतीचा, भिंतीवरच्या पोस्टरचा फोटो काढून ठेवा. कंपनीचा माणूस बाळंतिणीच्या खाटेपाशी दिसला तर दवाखान्याच्या प्रमुखांकडे आणि ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’सारख्या अधिकृत संस्थेकडे तक्रार करा. नमुने आणि भेटवस्तू वाटल्याबद्दल भारतीय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.